सलगीचा आकडा

दिवा पिवळा झाला तेव्हा भूपाल मगदूम भडंगाविषयी बोलत होता. तेही पोहोचलेल्या नव्हे, न पोहोचलेल्या.

"गेटवर डबा काढून घेतला बघा, मॅडम. वॉचमन म्हणतो, पेशंटनं डॉक्टरला खायला द्यायचं नाही, कायदा हाय. म्हटलं, बाबा, भडंग हाय, बाँब न्हवं. तर म्हणतो, बाँब असता तर वर विचारून तरी आलो असतो, भडंगाला सरळ बंदीच हाय."

डॉ. मंजिरी तेरदाळकर खुदकन हसल्या. भिंतीवरच्या यंत्रात एकावन्नाचे चोपन्न झाले. हसू तिथंच गिळून त्यांनी आकड्याकडं बघितलं. भूपालनंही बघितलं. दिवा पिवळाधमक, हळदीच्या बाजारात ठेवावा असा.

"दुसऱ्यांदा पिवळा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पुढच्या खेपेलाही असाच राहिला तर..."

"माहीत हाय," भूपाल म्हणाला.

आता हा आकडा मटक्याचा नव्हे, सलगीचा. डॉक्टर आणि पेशंट यांच्यात किती सलगी झाली, ते मोजणारा. तीन वर्षांपूर्वी कायदा आला आणि दर तपासणीच्या खोलीत हे यंत्र ठोकलं गेलं. लोकांनी त्याचं नाव नुसतं 'दिवा' ठेवलं.

कायद्याला कारणही तसंच होतं बरं का. देशभरातल्या वीस लाख पेशंटांचे कागद यंत्रांनी चाळून काढले होते. त्यातून एक गोष्ट निघाली ती सगळ्यांना ठाऊकच होती: काही डॉक्टर जवळीक वाढवून पेशंटचा गैरफायदा घेतात, आणि त्याची सुरुवात कुणाच्या ध्यानात येत नाही. पण दुसरी गोष्ट निघाली तिनं भल्याभल्यांची झोप उडाली. चांगले डॉक्टरही चुकत होते, आणि नेमके लाडक्या पेशंटच्या बाबतीत. ज्याच्यावर जीव जडला त्याला वाईट बातमी सांगायला डॉक्टर सरासरी सोळा दिवस उशीर करत होता. त्याची दुखरी तपासणी पुढं ढकलत होता. म्हणजे मायेपायी माणसं मरत होती. आकडेवारी पक्की होती, त्यात कुणाचा डाव नव्हता. डाव असता तर मोडता आला असता.

आणि सलगी मोजायची कशी? तर दोन माणसं मनापासून बोलत बसली की त्यांची हृदयं हळूहळू एका तालावर येतात. एकाचे ठोके चढले की दुसऱ्याचे चढतात, एक निवांत झाला की दुसराही. आईलेकरांत होतं, जुन्या नवराबायकोत होतं. डॉक्टरच्या मनगटावर एक पट्टा, पेशंटच्या मनगटावर एक. दोन्हीकडचे ठोके यंत्राला जातात, त्यात ते आवाजाची पट्टी, डोळ्यातल्या बाहुलीचा आकार, घामातली रसायनं मिसळतं आणि शंभरपैकी आकडा काढतं. शब्द त्याला कळत नाहीत, खासगी बोलणं ऐकायची त्याला मनाई. त्याला फक्त ताल कळतो. चाळीसच्या आत हिरवा, साठपर्यंत पिवळा, वर लाल. लाल एकदा लागला किंवा पिवळा लागोपाठ तीनदा, की पेशंटची रवानगी फिरत्या यादीवर. तिथं दर खेपेला पडद्यावर नवा डॉक्टर.

फिरती यादी काय असते ते भूपालनं जवळून बघितलं होतं. त्याचा जोडीदार लक्ष्मण, हलगी वाजवणारा. भूपाल कुस्तीच्या मैदानात माईकवरून पैलवानांची वर्णनं करायचा आणि लक्ष्मण हलगीवर. पंचवीस वर्षं जोडी. लक्ष्मणही मंजिरी मॅडमचाच पेशंट. एकदा लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगताना दोघांचे डोळे भरले आणि दिवा लाल झाला. पुढं सहा महिन्यांत लक्ष्मणनं पाच डॉक्टर बघितले, पाचही पडद्यावर. प्रत्येकजण विचारायचा, "काय होतंय?" आणि लक्ष्मण पहिल्यापासून सांगायला लागायचा. सांगता सांगताच गेला बिचारा.

म्हणून भूपालला मॅडम सोडायच्या नव्हत्या. आणि मॅडम म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. चार वर्षांपूर्वी तो गॅस झाल्याची तक्रार घेऊन आला होता. मॅडमनी पोटाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "अण्णा, मैदानात तुम्ही एका दमात पैलवानाची सात पिढ्यांची कुंडली सांगता. आज दारापासून खुर्चीपर्यंत एकच विनोद केलात, तोही अर्धा. विनोद आखूड का झाले?" छातीला नळी लावली, आणि निघालं काय, तर हृदयाची झडप गळत होती. ऑपरेशनवाल्यांनी वेळेत दुरुस्त केली. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! पण माणसाच्या विनोदाची लांबी मोजणारा डॉक्टर एकच.

तर त्या दिवशी, पिवळ्या दिव्याखाली, मॅडम विषय बदलायचा म्हणून कोरडेपणानं म्हणाल्या, "वजन तीन किलो वाढलंय. कमी करा."

भूपालच्या डोक्यात लक्ष्मण घुमत होता. भीतीपोटी तोंडातून भलतंच निसटलं. "खुर्चीत बसून सांगायला काय जातंय? आधी स्वतःचं बघा की. त्या खुर्चीचा एक पाय तुम्हीच मोडलाय न्हवं?"

मॅडमचा चेहरा खाडकन उतरला. भूपालनं जीभ चावली.

आणि दिवा हिरवा झाला. चोपन्नाचे तेहेतीस!

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कुस्तीतल्या माणसाला डाव कळायला वेळ लागत नाही. राग आला की ताल तुटतो. ताल तुटला की आकडा पडतो.

"एखाद्या बाईला असं बोलतात?" मॅडम म्हणाल्या. पण ओठाचा डावा कोपरा हलत होता. छत्तीस.

"हासू नका, हासू नका, चढतोय! पुढच्या खेपेला ह्याहून वाईट आणतो."

"आणा," त्या म्हणाल्या. "मीही तयारीत असेन, श्रीयुत मगदूम."

*

मग काय विचारता! दर पंधरवड्याला मिरजेच्या त्या खोलीत फड रंगायला लागला. भूपाल एसटीत बसल्या बसल्या तयारी करायचा. शेजारच्या प्रवाशावर एखादी शिवी घासून बघायचा आणि मार खाता खाता वाचायचा.

"मॅडम, तुमच्यापरीस आमच्या गावचा जनावराचा डॉक्टर बरा. तो निदान शेपटी उचलून बघतो."

"तुमच्या बाबतीत कुठलं टोक उचलायचं तेच कळत नाही. हृदय शिवण्यापेक्षा तोंड शिवायला पाहिजे होतं."

"शिवा की! तुमचा तेवढाच एक टाका सरळ येईल."

तीस. पंचवीस. एकोणीस. बाहेर बाकावर बसलेले पेशंट कान टवकारून ऐकायचे. दारातल्या एस्तेर सिस्टर, तीस वर्षं ह्याच दवाखान्यात हाडं झिजवलेल्या, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "येशू, ह्या दोघांना क्षमा कर," म्हणायच्या आणि हळूच दार थोडं किलकिलं ठेवायच्या. ऐकू यावं म्हणून.

आणि ह्या भांडणात एक गंमत होती, ती फक्त दोघांना माहीत. शिवी जोरात बसली की मॅडमच्या ओठाचा डावा कोपरा हलायचा. एवढासा. तेवढ्यासाठी भूपाल चाळीस मैलांचा प्रवास करायचा.

आकडा खाली ठेवायचा तर आणखीही काही सोडावं लागलं. छातीला नळी लावायला जवळ यावं लागतं, आणि जवळ आलं की आकडा चार-पाचनं चढतो. म्हणून नळी खिळ्याला टांगून राहिली. ठोके मोजायला पट्टा होताच. नियमाचे प्रश्न तेवढे विचारायचे, पडद्यावर खूण करायची.

"दम लागतो?"

"तुमचं तोंड बघितलं की लागतो."

खूण: नाही.

"पायाला सूज?"

"तुमच्या डोक्याला हाय तेवढी न्हाई."

खूण: नाही.

भूपालची बायको पद्मा शहाणी बाई. तिला हा खेळ पहिल्यापासून पटला नव्हता. भाकरी थापता थापता म्हणाली, "रोज खोटं खोटं मारलं तरी अंग काळंनिळं होतंय. त्या बाईला खरं वाटेल एक दिवस."

"अगं, तिला ठावं हाय सगळं. ठरवून चाललंय."

"ठरवलंय तोंडानं. मनाला कुणी विचारलं?"

"तुला कुस्तीतलं काय कळतंय?" भूपाल म्हणाला. आणि तो विषय संपला, कारण पद्मानं भाकरी जरा जास्तच जोरानं तव्यावर आपटली.

*

आता चेष्टेखोर माणसाचा एक रोग असतो. काल ज्यावर टाळी पडली, त्यावर आज पडत नाही. मग तो आणखी जवळची, आणखी दुखरी जागा शोधतो. वर्ष उलटलं, आकडा अठराच्या खाली जाईना. भूपालला दहाच्या आत जायचं होतं. का? तर विक्रम! दुसरं कारण नाही. हिरवा तर केव्हाच झाला होता.

त्या दिवशी लक्ष्मणचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. भूपाल खुर्चीत बसला, पाय पसरले, आणि मैदानात चढवतो तसा आवाज चढवला.

"लक्ष्मणला मारलं कुणी? पडद्यावरच्यांनी न्हवं. बदलीच्या कागदावर सही कुणाची होती? तुमची! हात झटकलेत आणि मोकळ्या झालात. मेल्यावर दारात तरी आलात का?"

एरवी मॅडमची उलट तोफ यायची, ती आली नाही. बोटं कीबोर्डावर तशीच. आकडा मात्र दगड विहिरीत टाकावा तसा गेला. सतरा, बारा, नऊ, सहा.

"सहा!" भूपाल मुठी आवळून ओरडला. "मॅडम, सहा! जिल्ह्यात कुणाचा नसेल!"

"औषधं तीच," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या."

दाराबाहेर येऊन त्यानं मांडीवर शड्डू ठोकला. "सिस्टर, काय बाई हो ही! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं! काय नाटक करते!"

एस्तेर सिस्टरनी त्याच्याकडं बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण पुढच्या पेशंटचा नंबर लागला.

ओठाचा कोपरा त्या दिवशी हलला नव्हता. भूपालच्या ते लक्षात आलंच नाही. तो आकडा बघत होता ना!

*

त्यानंतर तपासण्या चटचट व्हायला लागल्या. पाच मिनिटं, मग चार. भूपाल शिवी द्यायचा, मॅडम खूण करायच्या. उलट उत्तर क्वचित. आकडा पाच, सहा, पाच. भूपाल म्हणायचा, बाई पक्की तयार झाली, आता तिला शब्दसुद्धा लागत नाहीत.

दिवाळीनंतरच्या एका मैदानात पहिल्यांदा तो अडकला. पैलवान आखाड्यात उतरला होता, भूपालनं सुरुवात केली, "हा बघा, वारणेच्या पाण्यावर पोसलेला, आज्यानं गदा मिळवली, बापानं..." आणि दम संपला. बापानं काय केलं ते राहूनच गेलं. लोकांना वाटलं, बापाचं काही सांगण्यासारखं नसेल.

रात्री उताणं झोपलं की गुदमरायला व्हायचं. तो दोन उशा घ्यायला लागला. पद्मा म्हणाली, "मॅडमला सांगा."

"सांगायचं न्हाई," भूपाल म्हणाला. "सांगितलं की तिला दया येणार. दया आली की आकडा चढणार. आणि सांगायला कशाला पाहिजे? ती वळखते. मागं न्हाई का वळखलं? मी नुसता अर्धा विनोद केला तर..."

म्हणून तो दवाखान्यात गेला आणि वाट बघत बसला. ती ओळखेल म्हणून.

"मॅडम, तुम्ही म्हणजे..." त्यानं दम घेतला. "तुम्ही म्हणजे... जाऊ दे."

मॅडमनी मान वर केली नाही. "दम लागतो?"

"तुमच्या तोंडाकडं..." पुन्हा दम.

खूण: नाही.

एकदा असं झालं. दोनदा झालं. शिव्या पूर्वी मालगाडीसारख्या लांबलचक यायच्या, आता नुसतं इंजिन यायचं. तिसऱ्या खेपेला तर तो नुसतंच "बावळट" म्हणाला आणि खुर्चीला धरून उठला. मॅडमनी निःश्वास टाकला. बरं झालं, आज लवकर आटपलं म्हणून. तो निःश्वास त्यानं ऐकला, आणि उतरत्या पायऱ्यांवर कठड्याला धरून उभा राहिला. वाटलं, आता मागनं हाक येईल. "अण्णा, विनोद आखूड का झाले?"

मागनं एस्तेर सिस्टरचा आवाज आला. "पुढचा नंबर!"

*

फाल्गुनात एका जत्रेच्या मैदानात तो माईकसकट कोसळला. कर्ण्यातून 'धप्प' असा आवाज साऱ्या रानात घुमला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, अण्णांची नवीन नक्कल.

शुद्ध आली तेव्हा मिरजेच्याच दवाखान्यात होता. दोन दिवसांनी त्याला चाकाच्या खुर्चीतून त्याच खोलीत नेलं. मॅडमनी खिळ्यावरची नळी काढली. तिच्यावर धूळ होती, ती पदरानं पुसली. छातीला लावली. डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"गळतेय," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं गळतेय. आठ महिन्यांपूर्वी कुणीही ऐकलं असतं."

"मग आता शिवा की. आधी शिवली न्हाई का?"

"आता नाही शिवता येणार. झडप गळत राहिली, उलटं येणारं रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू सैल पडलाय. टेबलावर घेतलं तर ते ऑपरेशन सोसायचं नाही. औषधांवर सहा महिने. नीट जपलंत तर आठ."

एका दमात सांगितलं. आवाज हलला नाही, सोळा दिवसांचा तर सोडाच, सोळा सेकंदांचाही उशीर केला नाही. कायद्याला हवं होतं अगदी तसं.

भूपालनं भिंतीकडं बघितलं. दिवा हिरवा. आकडा तीन.

त्याला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. सहा महिन्यांत मरणार म्हणून सांगताना तीन कसा असेल?

"मॅडम," तो म्हणाला, "आता नाटक पुरे. आता काय... बदली करतील माझी? करू देत. आता खरं बोला."

"खरंच बोलतेय."

"तसं न्हवं. ते भांडण... ते आपलं ठरलं होतं न्हवं?"

मॅडम खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "पहिलं वर्षभर ठरलेलंच होतं, अण्णा. मी घरी जाऊन तुमच्या शिव्या नवऱ्याला सांगायचे. आम्ही हसायचो. पण शरीराला नाटक कळत नाही. दर पंधरा दिवसांनी तुम्ही दारातून आलात की माझं अंग आखडायचं. पहिल्यांदा मुद्दाम, मग आपोआप. घंटेची सवय लागते ना जनावराला, तशी सवय. त्यात लक्ष्मणमामांचं बोललात. ते नाटकातलं होतं हे मला कळत होतं. हो, डोक्याला कळत होतं. पण मी खरंच गेले नव्हते त्यांच्या दारात. जायला बंदी होती, आणि मी बंदीच्या आड लपले. त्या दिवशी आतलं काहीतरी बंद झालं. तुमचं नाव यादीत दिसलं की मी फक्त घड्याळ बघायचे."

"तुम्ही वळखाल म्हणून मी..." भूपालला दम घ्यावा लागला. "म्हणून मी बोललो न्हाई."

"विनोद आखूड झाले होते तुमचे," मॅडम म्हणाल्या. "दिसत होतं. मला वाटलं, चला, सुटले."

दारात एस्तेर सिस्टर उभ्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या.

मग त्या दोघांनी जे केलं ते कायद्याच्या पुस्तकात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. मॅडमनी दार लावलं. भूपालचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बोला काहीतरी. जुनं. दिवा लाल करू."

"भडंगाचं सांगू?"

"सांगा."

त्यानं भडंगाचं सांगितलं. पहिल्यांदा पद्मानं पाठवलं होतं तेव्हा मॅडमनी अख्खा डबा पेशंट तपासता तपासता संपवला होता आणि एका म्हाताऱ्याच्या छातीत शेंगदाण्याचा आवाज येतोय असं वाटून घाबरल्या होत्या. मॅडम हसल्या. नीट, सभ्य हसल्या.

तीन.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, झडप शिवणाऱ्याला सांगितलंय, माईक तेवढा आतून काढून घ्या..."

"आठवतंय," मॅडम म्हणाल्या. डोळे घट्ट मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, रुसलेल्या पंपानं पाणी ओढावं तसं आतून काहीतरी ओढायला बघत होत्या. "मी प्रयत्न करतेय हो, अण्णा."

तीन.

भूपालला तिचीच कीव आली. त्यानं तिच्या हातावर थोपटलं आणि मैदानातला आवाज लावायला बघितला. "बघा मंडळी... एका अंगाला मिरजेची वाघीण... दुसऱ्या अंगाला भिंतीवरचा दिवा... कुस्ती निकाली..." पुढं दम पुरला नाही.

आकडा हलला नाही. दार वाजलं. पुढच्या पेशंटची वेळ झाली होती.

*

आठ दिवसांनी भूपालला घरी सोडायचं ठरलं, त्याच सकाळी जिल्ह्याच्या कचेरीतून एक फोटोग्राफर आला. कॅमेरा, फुलांचा गुच्छ आणि सोनेरी अक्षरांची पाटी घेऊन. वर्षभराचे आकडे तपासले होते. सगळ्या जिल्ह्यात सर्वांत कमी सलगी ह्याच खोलीत. 'आदर्श अंतर पुरस्कार, डॉक्टर आणि रुग्ण, प्रथम क्रमांक.' फोटो दर दवाखान्याच्या भिंतीवर लागणार होता, नव्या डॉक्टरांना शिकायला.

पद्मा डबा घेऊन आली होती. वॉचमननं आज अडवला नाही, मरणाऱ्या माणसाच्या बायकोला कोण अडवणार? तिनं तो टेबलावर ठेवला. मॅडम "घेते हं नंतर" म्हणाल्या. फोटोग्राफरनं फोटोत डबा नको म्हणून तो उचलून कपाटामागं ठेवला. तो तिथंच राहिला.

भूपाल खुर्चीत, मॅडम शेजारी उभ्या, दोघांच्या मनगटांवर पट्टे, डोक्यावर दिवा. फोटोग्राफर मागं सरकला, पुढं सरकला, एक डोळा मिटला.

"मावत नाही हो. दिवा पण आला पाहिजे, पाटी पण आली पाहिजे." त्यानं हातानं खूण केली. "असं काय परक्यासारखं! जरा जवळ या की. आणखी. आणखी जरा."

मॅडम सरकल्या. त्यांचा हात भूपालच्या खांद्यावर आला. त्याचं डोकं त्यांच्या कुशीला टेकलं. इतक्या जवळ दोघं कधीच आली नव्हती. त्याला त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, निवांत. त्याचा स्वतःचा तुटत तुटत चालला होता. दोन्हींचा काही संबंध नव्हता.

"वा! आता हसा."

दोघंही हसली. एस्तेर सिस्टरनी तोंड फिरवलं.

"फस्क्लास!" फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत म्हणाला. "दिवा काय हिरवागार आलाय!"

भूपालनं मान वळवून वर बघितलं. तिनाचे दोन झाले होते.